धूळ पुसण्याआधी तिची वाट शोधा

फोन उघडून भिंगाखाली धरला की मालक काय काम करतो, हे बहुतेक वेळा त्यानं सांगण्याआधीच मला कळतं. कानाच्या स्पीकरच्या जाळीत पांढरे तंतू अडकलेले असले, तर माणूस जिनिंगवर जातो किंवा घरात कापूस भरून ठेवलेला आहे. पिवळट भुसकट असलं तर सोयाबीनचं खळं नुकतंच झालंय. गुलाबी-लाल पूड दिसली तर प्रक्रिया केलेलं बियाणं हाताळलंय. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली महिको सुरू केली, तेव्हापासून जालना हे बियाण्यांचं गाव आहे. त्यामुळे या पुडीचं आम्हाला नवल नाही. काळ्या रानातली बारीक माती तर सगळ्यांच्याच फोनमध्ये असते.

सगळ्यांत हट्टी धूळ औद्योगिक वसाहतीतून येते. भट्टीवर किंवा रोलिंग मिलमध्ये काम करणाऱ्याचा फोन उघडला की स्पीकरच्या तोंडावर काळे, ताठ केस उगवल्यासारखे दिसतात. सळई ओढताना तापलेल्या लोखंडावरून खपल्या सुटतात, कामगार त्याला स्केल म्हणतात. त्यात मॅग्नेटाइट असतं आणि मॅग्नेटाइट चुंबकाकडे ओढलं जातं. फोनच्या प्रत्येक स्पीकरमध्ये चुंबक असतो. त्यामुळे हा चुरा हवेतून नुसता येऊन बसत नाही, ओढून घेतला जातो आणि एकावर एक कण उभा राहतो. ब्लोअरनं तो हलत नाही. चिकटपट्टीचा छोटा तुकडा चिमट्यात धरून, टेकवून टेकवून तो उचलावा लागतो.

जुन्या जालन्यात, गांधी चमनच्या बाजूला माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. अंबड, बदनापूर, पार मंठ्याहूनही लोक येतात, आणि त्यांतली एक तक्रार कधीच संपत नाही : “भाऊ, साफ करून नेला होता, परत धूळ दिसायलीय.” पडद्याखाली एक ठिपका, मग दोन, मग कोपऱ्यात करडी रेघ. अशा माणसाला बहुतेक ठिकाणी एकच उत्तर मिळतं : तुम्ही फोन नीट वापरत नाही. मला हे उत्तर मान्य नाही. परत परत येणाऱ्या धुळीला आत यायला वाट असते. ती वाट शोधून बंद केली नाही, तर पुसण्याचे पैसे दर महिन्याला द्यावे लागतात.

आधी थर ओळखा

“पडद्याखाली धूळ” या एका तक्रारीत चार वेगवेगळ्या जागा असतात. प्रत्येकीचा इलाज वेगळा आणि खर्चही वेगळा.

पहिली जागा टेम्परच्या खाली, म्हणजे वरून चिकटवलेली संरक्षक काच आणि फोनची मूळ काच यांच्या मध्ये. माझ्याकडे येणाऱ्या तक्रारींत सर्वांत जास्त याच असतात. टेम्परची कड एका ठिकाणी जरी उचलली गेली, तरी खिशातली धूळ तिथून आत सरकते आणि गोंदाला धरून बसते. कड्यांना वाकलेल्या पडद्यावर सपाट टेम्पर बसवला की फट कायमचीच राहते. इथे फोन उघडायची काहीच गरज नाही.

दुसरी जागा काच आणि डिस्प्ले यांच्या मधली. जुन्या फोनमध्ये या दोघांत हवेचा पातळ थर असायचा आणि धूळ कानाच्या स्पीकरकडून थेट त्यात उतरायची. २०१० सालच्या आयफोन ४ मध्ये काच आणि डिस्प्ले पारदर्शक गोंदानं एकमेकांना पूर्ण चिकटवलेले होते. पुढे ही पद्धत स्वस्त फोनपर्यंत पोचली. आमच्या धंद्यात या गोंदाच्या थराला ओसीए म्हणतात. हा थर शाबूत असेल तर तिथे धूळ शिरूच शकत नाही. पण पडदा फुटल्यावर बसवलेला फोल्डर, म्हणजे काच, टच आणि डिस्प्लेचा जोड, हलक्या प्रतीचा असेल, तर त्यात पुन्हा फट असू शकते. म्हणून नवा असताना कधी धूळ न दिसलेला फोन फोल्डर बदलल्यावर धूळ दाखवू लागतो.

तिसरी जागा डिस्प्लेच्या मागे. एलसीडी पडद्याला स्वतःचा उजेड नसतो. मागे दिवे असतात, आणि तो उजेड सगळीकडे सारखा पसरावा म्हणून पातळ पापुद्र्यांचे थर असतात. त्यांत कण गेला की पांढऱ्या पडद्यावर धूसर डाग दिसतो. अमोलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतःच उजळतो, त्यामुळे तिथे ही भानगड नाही.

चौथी जागा पुढच्या कॅमेऱ्याची खिडकी. इथली धूळ पडद्यावर दिसत नाही. सेल्फी दुधाळ येते, किंवा दिवा समोर असला की फोटोभर धुकं पसरतं.

ओळखायची रीत सोपी आहे. फोन बंद करा, खोलीत अंधार करा आणि दुसऱ्या फोनच्या टॉर्चचा उजेड पडद्यावर आडवा, जवळजवळ पडद्याला लागून पाडा. पडदा बंद असतानाही कण चमकला, तर तो डिस्प्लेच्या वर आहे, म्हणजे पहिल्या किंवा दुसऱ्या जागेत. मग टेम्पर काढून पुन्हा बघा. बंद पडद्यावर काहीच दिसत नाही आणि पूर्ण पांढरं चित्र लावल्यावरच डाग उमटतो, तर तो मागच्या थरात आहे. डागाच्या कडा विरलेल्या असतील तर बहुधा धूळ. अगदी लहान, काटेकोर, नेहमी काळा किंवा एकाच रंगाचा ठिपका असेल तर तो बिघडलेला पिक्सेल, आणि तो पुसून जात नाही. एवढं पाहून दुकानात आलात, तर विनाकारण फोन उघडला जाणार नाही.

केवढा कण दिसतो?

एका इंचात ४०० पिक्सेल असलेल्या पडद्यावर एक पिक्सेल सुमारे ६३ मायक्रॉनचा असतो, साधारण माणसाच्या केसाच्या जाडीइतका. म्हणजे केसाच्या जाडीचा एक कण पडद्याचा एक ठिपका झाकतो आणि डोळ्याला खुपतो. कापसाचा तंतू लांब असल्यामुळे अनेक ठिपक्यांवरून आडवा जातो, म्हणून तो लगेच दिसतो. काळ्या मातीचे कण त्याहून कितीतरी बारीक. ते एकेकटे दिसत नाहीत. कडेला साचले की करडी रेघ होते.

हवेच्या मोजणीत ज्याला पीएम १० म्हणतात ते कण १० मायक्रॉनपर्यंतचे. असे सहा कण शेजारी शेजारी ठेवले तर एका पिक्सेलच्या रुंदीत बसतील. केंद्र सरकारनं जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या त्याच्या यादीत महाराष्ट्रातल्या इतर शहरांबरोबर जालनाही आहे. पीएम १० चं वार्षिक मानक एका घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. पडद्याखाली तुम्हाला दिसते ती जाड धूळ. छातीत खोल जाते ती इतकी बारीक असते की कुठल्याही काचेखाली ती वेगळी दिसत नाही. फोन पुसून घ्यायला आलेल्या भट्टीवरच्या पोरांना मी म्हणूनच आधी विचारतो, तोंडाला काय बांधता?

ती परत का येते?

पहिलं कारण हवा. फोन तापतो तेव्हा आतली हवा फुगते आणि फटींतून बाहेर पडते. थंड होताना बाहेरची हवा आत ओढली जाते. ३० अंशांवरचा फोन ४५ अंशांवर गेला, तर आतल्या हवेपैकी सुमारे विसावा हिस्सा बाहेर जातो आणि थंड होताना तेवढीच हवा परत आत येते. चार्जिंग, व्हिडिओ, उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेला फोन, प्रत्येक वेळी हेच घडतं. अ‍ॅपल आपले फोन ० ते ३५ अंशांच्या हवेत वापरायला सांगते. जालन्याचा मे महिना चाळिशीच्या पुढे असतो. त्यामुळे इथल्या फोनच्या आतबाहेर हवेची ये-जा जास्त, आणि हवेबरोबर धुळीचीही.

दुसरं कारण स्थिर वीज. टेम्परवरची फिल्म सोलली किंवा कोरड्या कपड्यानं काच घासली, की काचेवर विद्युतभार साठतो आणि आसपासचा हलका कण तिच्याकडे झेपावतो. फेब्रुवारी ते मे इथली हवा कोरडी असते, भार लवकर उतरत नाही. पावसाळ्यात तेच काम निम्म्या त्रासात होतं.

तिसरं आणि सर्वांत महत्त्वाचं कारण म्हणजे आधीची दुरुस्ती. कारखान्यातून येताना पडदा आणि फ्रेम यांच्यामध्ये चिकटपट्टीची अखंड चौकट असते. फोन एकदा उघडला की ती फाटते. घाईत काम करणारा तीच चौकट दाबून बसवतो, किंवा चार कोपऱ्यांना गमचे ठिपके देतो. मधल्या बाजू उघड्या राहतात. कानाच्या स्पीकरवरची बारीक जाळी काढताना वाकते किंवा हरवते, आणि ती न लावताच फोन बंद होतो. अशा फोनमधली धूळ कितीही निगुतीनं पुसली, तरी आठवडा-पंधरवड्यात ती परत दिसणारच. मग गिऱ्हाईक पुन्हा येतो, फोन पुन्हा उघडला जातो, उरलीसुरली चौकटही जाते. हे चक्र मी शेकडो फोनांत पाहिलं आहे, आणि प्रत्येक फेरीत फोन आधीपेक्षा सैल होतो.

खोलीसुद्धा अवजार आहे

धुळीशी लढायचं शास्त्र चिप बनवणाऱ्यांनी आणि त्याआधी शस्त्रं बनवणाऱ्यांनी उभं केलं. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सँडिया प्रयोगशाळेत विलिस व्हिटफील्ड या शास्त्रज्ञानं आधुनिक स्वच्छ खोलीची रचना मांडली. तोवर लोक खोली घासूनपुसून स्वच्छ ठेवायचा प्रयत्न करत, तरी माणूस हलला की धूळ उडायची. व्हिटफील्ड यांनी गाळलेली हवा छतातून संथ, एका दिशेनं खाली सोडली आणि जमिनीतल्या जाळीतून बाहेर काढली. उडालेला कण हवेबरोबर निघून जाऊ लागला. धुळीची वाट आपण ठरवायची, हाच तो विचार.

आज आयएसओ १४६४४ या मानकात स्वच्छ खोल्यांचे वर्ग आहेत. पाचव्या वर्गाच्या खोलीत एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे ३,५२० पेक्षा जास्त कण चालत नाहीत. नवव्या वर्गाची मर्यादा ३ कोटी ५२ लाख, आणि साधी राहती खोली याच्याच आसपास. जालन्यातल्या गाळ्यात पाचवा वर्ग आणणं शक्य नाही. पण मोठे कण खाली बसवणं शक्य आहे, आणि पडद्यावर दिसतात ते मोठेच कण.

दहा मायक्रॉनचा मातीचा कण स्तब्ध हवेत दोन मीटर खाली यायला साधारण चार-पाच मिनिटं घेतो. एक मायक्रॉनचा कण कित्येक तास तरंगतो. म्हणून पडद्याचं काम मी आतल्या खोलीत करतो. फरशी ओल्या फडक्यानं पुसतो, हवेत पाण्याचा बारीक फवारा मारतो, पंखा बंद, दार बंद, आणि हवा स्थिर होईपर्यंत थांबतो. ओलाव्यानं धूळ खाली बसते आणि स्थिर वीजही उतरते. घरी टेम्पर लावायचा असेल, तर अंघोळीनंतरच्या दमट न्हाणीघरात लावा, कारण हेच.

पुढचं काम क्रमानं होतं. आधी बंद फोनच बाहेरून स्वच्छ करायचा, नाहीतर उघडताना कडेची सगळी माती आत पडते. गरम पॅडवर ठेवून गोंद मऊ करायचा, पातळ पिक फिरवून पडदा उचलायचा. जुन्या चिकटपट्टीचा कण न् कण आयपीए, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, लावून काढायचा, कारण उरलेला गोंद धूळ धरतो. स्पीकरच्या जाळीला चिकटपट्टी, फ्रेमच्या खाचेला मऊ ब्रश, कॅमेऱ्याच्या काचेला हातपंपाची हवा. तोंडानं फुंकर मारायची नाही. थुंकीचे तुषार काचेवर बसतात, आणि बियाण्याच्या गुलाबी पुडीत औषध असतं, ते आपल्याच नाकात जातं. जाळी वाकली असेल तर नवी लावायची. शेवटी त्या मॉडेलच्या मापाची नवी चौकट, किंवा गमची न तुटणारी एकसंध रेघ, वरून क्लिपा, आणि गम सुकेपर्यंत फोन दुकानातच ठेवायचा. गिऱ्हाइकाला घाई असते हे मला समजतं. पण ओल्या गमचा फोन खिशात घालून कोणी मोंढ्यात गेला, तर तिथली धूळ त्या गमवर पहिली बसते.

धूळ मागच्या पापुद्र्यांत असेल तर मी थर उघडायला नाही म्हणतो. ते थर सुटे करताना एका कणाच्या जागी दहा जातात. एका फिकट डागासह फोन वापरणं किंवा चांगल्या प्रतीचा फोल्डर घालणं, हेच दोन रास्त पर्याय, आणि ते गिऱ्हाइकाला स्पष्ट सांगितले पाहिजेत.

घरी काय टाळावं?

पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची हवा फोनला मारू नका. त्या हवेत पाणी आणि तेल असतं, आणि तिचा जोर जाळीवरची धूळ थेट कॅमेऱ्याच्या खिडकीखाली ढकलतो. सुईनं भोकं कोरू नका. खालचं एक भोक माइकचं असतं, सुई माइकच्या पडद्याला भोक पाडते आणि मग समोरच्याला आवाज जात नाही. स्पीकरच्या जाळीवर सॅनिटायझर ओतू नका. विरघळलेली घाण आत उतरते. वाकलेल्या पडद्यावर पातळ गोंद आणि अतिनील दिवा वापरून टेम्पर लावणार असाल, तर आधी जाळ्या आणि बटणांच्या फटी झाकायला सांगा, कारण तो गोंद सुकण्याआधी कुठेही झिरपतो.

जिनिंगवर, खळ्यावर, भट्टीवर फोन साध्या झिपच्या प्लॅस्टिक पिशवीत ठेवा. टच पिशवीतूनही चालतो. तापलेला फोन धुळीत थंड होऊ देऊ नका. आधी पिशवीत घाला, मग निववा. आठवड्यातून एकदा कव्हर काढून आतली माती झटका, कारण कव्हर आणि फोन यांच्यात साचलेली मातीच कडेनं आत सरकते. जाळीवर कोरडा, मऊ टूथब्रश फोन उलटा धरून फिरवा, म्हणजे सुटलेला कण खाली पडेल.

बंदिस्त फोन कोणाला मिळतो?

फोनच्या खोक्यावर आयपी ६८ असं लिहिलेलं असतं. आयईसी ६०५२९ या आंतरराष्ट्रीय मानकाचा तो आकडा आहे. पहिला अंक धुळीचा, दुसरा पाण्याचा. धुळीच्या खान्यात ५ म्हणजे थोडी धूळ गेली तरी काम बिघडणार नाही, ६ म्हणजे धूळ आत जाताच कामा नये. चाचणी एका बंद कोठीत होते. ७५ मायक्रॉन भोकांच्या चाळणीतून गाळलेली शंखजिऱ्याची पूड, कोठीच्या दर घनमीटरमागे २ किलो, हवेत खेळती ठेवतात. वस्तूच्या आतली हवा पंपानं ओढून दाब कमी करतात, आणि हे जास्तीत जास्त ८ तास चालतं. आत हवा ओढली जाते तेव्हा काय होतं, हे मानक बनवणाऱ्यांनी बरोबर ओळखलं आहे. पण ही चाचणी नव्या फोनची असते. फोन एकदा उघडला की तो अंक गृहीत धरू नका.

मोठ्या कंपन्याही यातून गेल्या आहेत. सॅमसंगचा सुमारे दोन हजार डॉलरचा घडीचा फोन, गॅलॅक्सी फोल्ड, एप्रिल २०१९ मध्ये बाजारात यायचा होता. परीक्षणासाठी दिलेल्या काही फोनांचे पडदे बिघडले. बिजागरीच्या टोकांशी असलेल्या फटीतून बारीक कचरा पडद्याखाली जात होता. विक्री पुढे ढकलली गेली. सप्टेंबरमध्ये तो आला तेव्हा त्या टोकांना टोप्या बसवल्या होत्या आणि पडद्यामागे धातूचा जादा थर होता. पुढच्या घडीच्या फोनांत बिजागरीत नायलॉनच्या तंतूंचा ब्रशही आला. त्यांनीही शेवटी फटच बुजवली.

माझं म्हणणं इथे आहे. गेल्या काही वर्षांत बारा-पंधरा हजारांच्या काही फोनांवरही आयपी ६४ दिसू लागलं आहे, ही चांगली गोष्ट. तरीही पूर्ण बंदिस्त फोन बहुतांशी महागच असतो, आणि तो वातानुकूलित कचेरीतल्या टेबलावर पडून असतो. दिवसभर कापसात, मातीत, लोखंडाच्या चुऱ्यात उभ्या असलेल्या माणसाच्या हातात सात-आठ हजारांचा फोन असतो, ज्याला साधी रबराची कडही नसते. ज्याला गरज जास्त त्याला बंदोबस्त कमी. स्पीकरची घट्ट जाळी आणि पडद्याभोवतीची चांगली चौकट यांनी स्वस्त फोनचं आयुष्य वाढतं. खरेदी करताना कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी आयपीचा अंक विचारा. गिऱ्हाईक विचारू लागला की दुकानदार विचारतो, आणि दुकानदार विचारू लागला की कंपनीला उत्तर द्यावं लागतं.

आणि दुरुस्तीला जाल तेव्हा कारागिराला तीन गोष्टी विचारा. धूळ कोणत्या थरात आहे? ती कुठून आत आली, ते मला दाखवाल का? बंद करताना चौकट आणि जाळी नवी घालणार की जुनीच दाबणार? आपल्या हक्काचे हे प्रश्न आहेत. ग्राहक व्यवहार विभागानं डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं ते याच विचारानं, की वस्तू विकत घेणाऱ्याला तिच्या दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती मिळाली पाहिजे. जो कारागीर तुम्हाला भिंगाखाली ती फट दाखवतो, त्याच्याकडे फोन निर्धास्त द्या, त्यानं एक दिवस जास्त मागितला तरी. आणि जो दोन मिनिटांत फुंकर मारून परत देतो, त्याच्याकडून फोन उघडूनच घेऊ नका.